पैठणीवरचा जुना ब्लाउज लग्नासाठी पुन्हा अंगाबरोबर करून घेताना

पैठणी वीस वर्षांनीही तशीच नेसता येते, कारण नेसणारीचे अंग बदलले तरी तो फरक साडीच्या निऱ्यांमध्ये जिरून जातो. अडते ते ब्लाउजपाशी. माझी येवल्याहून घेतलेली पैठणी आणि तिच्याच कापडाचा, बाहीला काठ लावलेला ब्लाउज 2011 सालचा आहे. भाच्याचे लग्न ठरले तेव्हा तो घालून पाहिला आणि वरचे दोन हुक लागेनात. दुसऱ्या कापडाचा नवा ब्लाउज शिवता आला असता. परंतु साडीसोबत येणारे सुमारे 80 सेंटिमीटर कापड एकदाच मिळते आणि त्याच रंगछटेचे, त्याच काठाचे कापड पुन्हा मिळणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून आहे तोच ब्लाउज दुरुस्त करायचे ठरवले. याआधी एका रेशमी ब्लाउजचे मी घाईने वाटोळे करून घेतले होते, त्यामुळे या वेळी प्रत्येक पायरी कागदावर लिहून काम केले. तीच टिपणे येथे क्रमाने मांडत आहे. ज्यांना साधा धावदोरा घालता येतो आणि घरच्या मशीनवर सरळ टीप मारता येते, त्यांना हे काम घरी करता येईल. ज्यांना शिंप्याकडेच द्यायचे आहे, त्यांनीही पहिले पाच टप्पे स्वतः करावेत, कारण बहुतेक घोटाळे शिंप्याच्या हातून नव्हे, तर आपण दिलेल्या अर्धवट सूचनेतून होतात.

1. आधी दिवस मोजावेत

समारंभाच्या किमान 21 दिवस आधी काम हाती घ्यावे. पहिल्या आठवड्यात तपासणी आणि मापे, दुसऱ्यात प्रत्यक्ष शिवण, तिसऱ्यात साडीसकट घालून पाहणे, अशी विभागणी मला पुरली. शेवटच्या तीन दिवसांत ब्लाउजला सुई लावायची नाही, असा नियमच करावा. त्या दिवसांत घरात पाहुणे असतात आणि मन थाऱ्यावर नसते.

आपल्याकडे तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि चातुर्मास लागेपर्यंत ती कमीअधिक चालूच राहते. या काळात शिंप्यांकडे नव्या कपड्यांचे ढीग पडलेले असतात आणि दुरुस्तीचे काम त्यांना नकोसे वाटते, कारण त्यात वेळ जास्त जातो आणि पैसे कमी मिळतात. शिंप्याकडे जायचे असल्यास आणखी दहा दिवस हाताशी ठेवावेत. परदेशातून किंवा दुसऱ्या राज्यातून लग्नासाठी येणाऱ्यांनी ब्लाउज घरच्या कोणाकडे तरी आधीच पाठवून द्यावा. येऊन चार दिवसांत हे काम नीट होत नाही.

2. ब्लाउज उलटा करून माया पाहावी

सगळा निर्णय येथेच होतो. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड दुमडून ठेवलेले असते, त्याला आपण माया म्हणतो. ब्लाउज उलटा करावा, काखेपासून खालच्या कडेपर्यंतची बाजूची शिवण पाहावी आणि टिपेपासून कापडाच्या कडेपर्यंतचे अंतर मोजपट्टीने मोजावे. हे माप एकाच ठिकाणी न घेता छातीपाशी, छातीच्या खाली आणि खालच्या कडेपाशी, असे तीन ठिकाणी घ्यावे. पुढच्या भागाची माया आणि मागच्या भागाची माया वेगवेगळी मोजावी, कारण त्या समान असतीलच असे नाही. बाहीच्या आतल्या शिवणीचीही माया मोजावी; ही पुष्कळ जणी विसरतात.

जुन्या पद्धतीच्या शिंप्यांनी शिवलेल्या ब्लाउजांत एक ते दीड इंच माया सापडते आणि तिच्यात समांतर दोन-तीन टिपाही असतात, म्हणजे बाहेरची टीप उसवताच ब्लाउज आपोआप एक पायरी सैल होतो. तसे असेल तर तुमचे काम अर्ध्या तासाचे आहे. अलीकडे इंटरलॉक केलेल्या ब्लाउजांत मात्र माया कमी असते, कारण ते यंत्र कडेला दोरा गुंफत असतानाच जास्तीचे कापड कापत जाते. माझ्या आधीच्या ब्लाउजचे नुकसान असेच झाले. मी तो एका शिंप्याकडे केवळ "कडेचे दोरे निघताहेत, इंटरलॉक करून द्या" असे सांगून दिला होता. परत आला तेव्हा कडा सुबक होत्या आणि माया पाव इंचावर आलेली होती. पुढे सैल करण्यासारखे त्यात काही उरले नाही.

कटोरीच्या आणि प्रिन्सेस कटच्या ब्लाउजांना समोर गोलाईच्या शिवणी असतात. त्या शिवणींत पाव इंचापेक्षा फारशी माया नसते आणि गोलाई नीट बसावी म्हणून तिला आडवे चीर दिलेले असतात. त्यांना हात लावू नये. सैल करायचे ते बाजूनेच.

3. कापडात अजून जीव आहे का, हे तपासावे

रेशीम जुने झाले की वरून तसेच दिसते, पण ताण येताच धाग्याच्या दिशेने चिरते. ब्लाउज खिडकीच्या उजेडासमोर धरावा. काखेत, हुकपट्टीच्या कडेला आणि वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी पडलेल्या घडीवर बारीक उभ्या-आडव्या रेषा दिसल्या, तर कापड थकलेले आहे असे समजावे. त्यानंतर मायेचा भाग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणावा. चर्र असा आवाज आला किंवा धागे सरकून जाळी दिसू लागली, तर दुरुस्तीचा विचार सोडावा, त्यातला काठ जपून काढून घ्यावा आणि तो नव्या ब्लाउजच्या बाहीला लावावा.

काखेतील घामाचा डाग हा दुसरा प्रश्न. घामाने रेशमाचा रंग जातो आणि धागाही कमकुवत होतो. सैल केल्यावर हाच फिकट भाग बाजूला सरकून दिसू लागतो. हे आधी कळावे म्हणून एक छोटी युक्ती करावी. बाजूच्या शिवणीची खालची फक्त दोन इंच टीप उसवावी, कापड उलगडावे आणि दिवसाच्या उजेडात पाहावे. आत दडलेला रंग आणि बाहेरचा रंग यांत किती फरक आहे, जुन्या टिपेची भोके किती स्पष्ट दिसतात आणि घडीची रेषा किती खोल आहे, हे तिन्ही येथेच समजते. खालची दोन इंच साडीत झाकली जातात, त्यामुळे काही बिघडले तरी नुकसान दिसत नाही. माझ्या ब्लाउजमध्ये आतला रंग किंचित गडद निघाला. मी तो चालवून घेतला, कारण तो काखेच्या सावलीत राहणार होता. एक लक्षात ठेवावे की नेहमीच्या पद्धतीने पदर उजव्या कुशीकडून येऊन डाव्या खांद्यावर जात असल्याने उजवी बाजू बरीचशी झाकली जाते आणि डावी उघडी राहते. दोन्ही बाजूंत निवड करायची वेळ आली, तर डावी बाजू स्वच्छ ठेवावी.

4. साहित्य जमवावे

पुढील वस्तू आधीच एका डब्यात काढून ठेवाव्यात.

- शिंप्याची मऊ मोजपट्टी. फार जुनी, ताणली गेलेली नसावी.
- टिपा उसवण्याचे दुतोंडी छोटे हत्यार. शिवणसाहित्याच्या दुकानात ते सीम रिपर म्हणून मागावे. ब्लेड वापरू नये.
- बारीक टोकाची छोटी कात्री.
- हातशिलाईची बारीक सुई आणि पातळ टाचण्या.
- मशीनची 11 नंबरची नवी सुई. नेहमीची 14 किंवा 16 नंबरची सुई रेशमात मोठी भोके पाडते, आणि बोथट सुई धागा ओढते.
- ब्लाउजच्या रंगाचा बारीक सुती दोरा, तसेच कच्च्या टाक्यांसाठी वेगळ्या, उठून दिसणाऱ्या रंगाचा दोरा.
- अस्तराच्या कापडाचा तुकडा, एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री केलेला.
- पांढरे, धुतलेले सुती फडके, इस्त्रीखाली ठेवण्यासाठी.
- समारंभाच्या दिवशी घालायची तीच अंतर्वस्त्रे.

दोऱ्याबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. बाजारात सर्रास मिळणारा पॉलिएस्टरचा दोरा मजबूत असतो म्हणून आपण तो घेतो. पण जुन्या रेशमावर ताण आला की हा दोरा तुटत नाही आणि कापडच कापत जातो. टीप तुटली तर पुन्हा मारता येते, फाटलेली पैठणी सांधता येत नाही. म्हणून येथे दोरा कापडापेक्षा कमकुवत असलेलाच बरा.

अस्तराचा तुकडा धुऊन घ्यायला सांगितले त्याचे कारण सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटते. न धुतलेला तुकडा जोडला आणि नंतर त्याला पाणी लागले, तर तो आखडून वरचे रेशीम चुणीदार करतो.

5. माप घ्यावे आणि हिशेब कागदावर मांडावा

माप स्वतःचे स्वतः घेऊ नये. हात वर गेले की मोजपट्टी सरकते. घरातल्या कोणालातरी सांगावे. छातीचा घेर सर्वांत भरलेल्या भागावरून, छातीखालचा घेर ब्लाउजची खालची कड जेथे येते तेथून, दंडाचा घेर बाही जेथे संपते तेथून आणि काखेपाशीही घ्यावा. श्वास रोखून धरू नये. त्यानंतर ब्लाउजचे हुक लावून तो टेबलावर सपाट पसरावा, एका बाजूच्या शिवणीपासून दुसरीपर्यंत माप घ्यावे आणि दुप्पट करावे.

माझा हिशेब असा होता. छातीचा घेर 37 इंच. रेशीम ताणले जात नाही, त्यामुळे अंगाच्या मापापेक्षा ब्लाउज किमान एक इंच मोठा हवा, म्हणजे 38. ब्लाउज मोजला तर 36 भरला. वाढवायचे दोन इंच. आता नवख्यांचा गोंधळ होतो तो येथे: हे दोन इंच प्रत्येक बाजूला एक-एक इंच सोडून मिळवायचे, असे नाही. शिवणी दोन, आणि प्रत्येक शिवणीत पुढचा व मागचा असे दोन थर. म्हणजे एकूण चार कडा. दोन इंच भागिले चार, म्हणजे प्रत्येक कडेला अर्धा इंच. टीप केवळ अर्धा इंच बाहेर सरकवायची आहे. हा भागाकार न केल्यामुळे एका मैत्रिणीने ब्लाउज चार इंचांनी सैल करून ठेवला होता आणि दोष मोजपट्टीला दिला.

मायेत अर्धा इंच सोडल्यावर आत किमान पाव इंच तरी कापड उरले पाहिजे, त्याहून कमी उरत असेल तर ती शिवण टिकणार नाही. माझ्याकडे सर्वत्र एक इंच माया होती, फक्त उजव्या बाहीत पाऊण इंच. तरीही पाव इंच उरत होता, म्हणून काम पुढे नेले.

हिशेबाआधी आणखी एक गोष्ट करावी: ब्लाउज घालून आरशासमोर उभे राहावे आणि सुरकुत्या वाचाव्यात. हुकांपासून काखेकडे आडव्या जाणाऱ्या सुरकुत्या म्हणजे छातीला कापड कमी पडते आहे. बाजूने सैल करणे हा त्यावरचा उपाय. हात पुढे घेतल्यावर पाठीवर आवळते, पण समोर ठीक आहे, अशी तक्रार असेल, तर बाजूची शिवण सोडून फारसा उपयोग होत नाही, कारण तो ताण दोन मुंढ्यांमधल्या, म्हणजे बाही जेथे जोडतात त्या दोन गोलाईंमधल्या, कापडाचा असतो आणि बाजूची शिवण त्याच्या खाली येते. अशा वेळी मागून उघडण्याचा मार्ग घ्यावा लागतो, तो पुढे नवव्या टप्प्यात सांगितला आहे. मुंढ्यापासून छातीकडे तिरप्या सुरकुत्या पडत असतील तर टक्समध्ये, म्हणजे छातीला आकार यावा म्हणून शिवलेल्या निमुळत्या चुण्यांमध्ये, दिलेला फुगवटा अपुरा आहे. तेथे टक्स उसवून कापड मिळवण्याचा मोह होतो, आणि हीच सर्वांत मोठी चूक आहे. टक्स उसवले की कापड खालच्या बाजूला सुटते, छातीचा फुगवटा सपाट होतो आणि ब्लाउज समोरून वर चढू लागतो.

6. उसवणे

हे काम दिवसाच्या उजेडात, मांडीवर पांढरे फडके अंथरून करावे. आधी खालच्या कडेची दुमड बाजूच्या शिवणीच्या दोन्हीकडे दोन-दोन इंच उसवावी, तसेच बाहीच्या कडेचीही. त्यानंतर बाजूची टीप घ्यावी. दर चौथा-पाचवा टाका हत्याराने कापावा आणि पलीकडच्या बाजूचा दोरा अलगद ओढून काढावा. दोन्ही थर ताणून त्यांच्या मधून हत्यार सरसर चालवले तर ते रेशमात कधी शिरेल याचा नेम नाही.

बहुतेक ब्लाउजांत बाही आधी मुंढ्याला जोडलेली असते आणि मग बाहीच्या टोकापासून कमरेपर्यंत एकच सलग टीप मारलेली असते. तसे असेल तर मुंढ्याची शिवण उसवावीच लागत नाही. काखेत या दोन शिवणी एकमेकींना छेदतात तेथे मात्र चार थर असतात. तेथे घाई करू नये. काही शिंपी बाजू शिवून झाल्यावर गोल बाही चढवतात. असा ब्लाउज असल्यास काखेखालची मुंढ्याची शिवण दोन्ही दिशांना दीड-दोन इंच उसवून, बाजू आणि बाही सैल केल्यावर पुन्हा जोडावी लागते.

एका बाजूला पुढच्या टप्प्यातले कच्चे टाके घालून होईपर्यंत दुसरी बाजू उसवू नये. शंका आली की न उसवलेली बाजू नमुना म्हणून समोर असते.

7. कच्चे टाके घालून अंगावर पाहावे

नव्या टिपेची रेषा आतल्या बाजूने, मायेतच, रंगीत धावदोऱ्याने आखून घ्यावी. मेणाचा खडू रेशमावर डाग ठेवतो. टाचण्याही मायेतच टोचाव्यात. रेशमात पडलेले भोक बुजत नाही. दोन्ही बाजू अशा रंगीत टाक्यांनी जोडल्यावर ब्लाउज घालावा, हुक लावावेत आणि केवळ आरशात पाहून न थांबता लग्नात जे जे करायचे आहे ते करून पाहावे. अक्षता टाकण्यासाठी हात वर करावा, वाकून नमस्कार करावा, पाटावर बसून उठावे, पंगतीत वाढत असल्यासारखे दोन्ही हात पुढे न्यावेत. हात वर केल्यावर ब्लाउज अर्धा-एक इंच वर जाणारच; पण हात खाली आणल्यावर तो आपोआप जागेवर यायला हवा.

काखेत टोचत असेल तर मुंढा खोल कापावा असे वाटते. तसे करू नये. मुंढा जितका काखेला लागून, तितका हात मोकळा उचलता येतो. तो खाली नेला की हाताबरोबर सगळा ब्लाउज वर ओढला जातो. टोचण्याचे कारण बहुधा आतल्या मायेचा जाड गोळा असते. गोलाईवर त्या मायेला टिपेपासून थोडे अलीकडे थांबणारे दोन-तीन तिरपे चीर दिले की ती पसरते आणि टोचणे थांबते.

8. पक्की टीप

सर्व मनासारखे झाल्यावरच मशीनकडे जावे. मायेच्या एखाद्या कोपऱ्यावर किंवा उरलेल्या तुकड्यावर आधी टीप मारून पाहावी. धागा ओढला जात असेल तर वरच्या दोऱ्याचा ताण कमी करावा. टाक्याची लांबी साधारण 2.5 मिलिमीटर ठेवावी. फार बारीक टाके रेशमाला भोकाभोकांची रेघ पाडतात आणि पुढे तेथेच ते फाटते. बाहीच्या टोकापासून सुरुवात करून काखेतून खाली, एका दमात यावे. काखेच्या वळणावर दोन-अडीच इंच दुसरी टीप मारावी, कारण ताण तेथेच येतो. नंतर कच्चे टाके काढावेत, खालची कड आणि बाहीची कड पूर्वीसारखी हातशिलाईने दुमडावी.

मायेच्या कडेला इंटरलॉक करून घेऊ नये, कारण आधी सांगितलेलेच. हाताने विरळ गुंडाळटाके घातले की दोरे निघणे थांबते आणि कापडही शाबूत राहते.

9. माया नसेल तर

येथे तीन मार्ग आहेत आणि तिन्हींत थोडी तडजोड आहे.

पहिला, बाजूला पट्टी जोडणे. बाहीच्या टोकापासून कमरेपर्यंत हवी तेवढी रुंद, दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच माया धरून कापलेली पट्टी दोन्ही बाजूंना बसवावी. कापड मूळ ब्लाउजचेच मिळाले तर उत्तम. ब्लाउज शिवताना उरलेले तुकडे शिंप्याकडून मागून घेण्याची सवय असणाऱ्यांचे येथे फावते. साध्या रेशमी साडीच्या कमरेत खोचल्या जाणाऱ्या टोकातून चार इंच कापड काढता येते आणि साडी नेसताना ते जाणवतही नाही. पैठणीच्या बाबतीत मला ते धाडस झाले नाही आणि इतरांनाही सुचवणार नाही. तंतोतंत रंग मिळत नसेल, तर जवळची छटा शोधत बसण्यापेक्षा काठाच्या रंगाचे कापड घ्यावे. जवळची छटा चुकल्यासारखी दिसते. काठाचा रंग मुद्दाम घेतल्यासारखा दिसतो.

दुसरा, हुकपट्टी रुंद करणे. समोर एक इंचापर्यंत कमी पडत असेल, तर ज्या पट्टीवर हुक अडकतात ती बाजू वाढवता येते. ही जोडपट्टी पदराखाली जाते. एक इंचापेक्षा जास्त वाढवले की समोरचा गळा एका बाजूला सरकलेला दिसतो, म्हणून ही मर्यादा पाळावी.

तिसरा, मागून उघडून दोरी लावणे. पाठीच्या मध्यावर उभा छेद घेऊन दोन्ही कडांना अस्तराची पट्टी लावावी, तिच्यात दोऱ्याचे किंवा कापडाचे फास बसवावेत आणि गोंड्याची दोरी ओवावी. दोन-तीन इंचांचा फरक यात सहज मिळतो आणि पाठीवर आवळण्याची तक्रारही मिटते. आत अस्तराचा रुंद तुकडा एका कडेला शिवून ठेवला, तर पाठ उघडी दिसत नाही. मात्र छेद घेतला की परत फिरता येत नाही. आधी ब्लाउज उलटा, म्हणजे हुक पाठीवर येतील असा, घालून अंदाज घेऊ नये, कारण पुढच्या भागाची आणि पाठीची बेतणी वेगळी असते आणि तो अंदाज हमखास चुकतो.

10. बाही, गळा आणि उंची

बाहीला काठ असेल तर ती खालून कधीही आखूड करू नये, काठ जाईल. काठाच्या वरच्या कडेला आतून बारीक चुणी घालून अर्धा इंच कमी करता येते. त्याहून अधिक करायचे असल्यास बाही मुंढ्यातून काढून वरून पुन्हा बेतावी लागते आणि ते काम अनुभवी हाताचेच आहे. केवळ दंडात घट्ट असलेल्या बाहीच्या आतल्या शिवणीत लांबट त्रिकोणी तुकडा बसवावा. तो हाताखाली राहतो.

मागचा गळा फार खोल वाटत असेल आणि खांदे घसरत असतील, तर दोन्ही खांद्यांच्या आतून दोरी लावून मागे गाठ मारणे एवढे पुरते. गळा मोठा करणे मात्र टाळावे.

उंची कमी पडत असेल तर खाली साध्या सुती कापडाची दोन इंची पट्टी लावावी. ती साडीत जाते.

11. ब्लाउज सैल झाला असेल तर

हे काम सोपे आहे. त्याच चार कडांचा हिशेब उलट करावा, जुन्या टिपेच्या आत नवी टीप मारावी आणि जास्तीचे कापड कापू नये. दोन इंचांपेक्षा अधिक कमी करायचे असेल तर खांदे आणि गळाही मोठे पडलेले असतात, तेव्हा केवळ बाजू आवळून भागत नाही. पूर्ण उसवून पुन्हा बेतावे लागते.

12. शिंप्याकडे देताना

"जरा सैल करा" असे कधीही सांगू नये. जरा म्हणजे किती, हे तुमचे आणि त्यांचे वेगळे असते. मी आता चिठ्ठी लिहून ती सेफ्टी पिनने मायेला लावते. तिच्यात एवढेच असते:

"दोन्ही बाजूंच्या शिवणी, बाहीसकट, प्रत्येक कडेला अर्धा इंच सोडाव्यात. एकूण दोन इंच. आतले कापड कापू नये. इंटरलॉक करू नये. टक्स आणि मुंढा तसेच ठेवावेत. इस्त्री करू नये."

ब्लाउज देण्यापूर्वी त्याचे पुढून, मागून आणि उलटा करून फोटो काढावेत. पक्की टीप मारण्यापूर्वी घालून पाहायचे आहे, हे काम देतानाच ठरवून घ्यावे. नंतर सांगितले तर कुरकुर होते आणि ती रास्तही असते. मापे इंचांतच द्यावीत, आपल्याकडचे शिंपी इंचांतच काम करतात. रस्त्याकडेला मशीन टाकून अल्टरेशन करणाऱ्यांकडे पँटची उंची कमी करून घ्यायला हरकत नाही, त्यांचा हात चलाख असतो. पण जरीचे कापड त्यांच्या तेलकट टेबलावर न गेलेलेच बरे.

13. इस्त्री आणि साडीसकट शेवटची फेरी

इस्त्री रेशमाच्या खुणेवर ठेवावी, ब्लाउज उलटा करावा आणि वर सुती फडके घ्यावे. पाणी शिंपडू नये, रेशमावर पाण्याचेही डाग पडतात. जुन्या घडीची रेषा जात नसेल तर फडके अगदी किंचित ओलसर करून आधी मायेच्या कोपऱ्यावर पाहावे आणि डाग पडत नाही याची खात्री झाल्यावरच पुढे जावे. जुन्या टिपेच्या भोकांवर आतून नखाने हलके घासले की धागे थोडे सरकून भोके पुसट होतात. पूर्ण जात नाहीत.

समारंभाच्या चार-पाच दिवस आधी पैठणी, ब्लाउज, परकर, पिना आणि दागिने असे सगळे घालून अर्धा तास घरात वावरावे. पदराची पिन ब्लाउजच्या खांद्यावर जेथे येते, तेथे आतून अस्तराचा छोटा दुहेरी तुकडा टाचून घ्यावा. पैठणीचा पदर जड असतो आणि त्याच्या ओढीने जुन्या रेशमाला पिनेपाशी चीर जाते. अत्तर आणि डिओडरंट अंगावर वाळल्यानंतरच ब्लाउज घालावा.

लग्नाहून आल्यावर ब्लाउज लगेच घडी करून ठेवू नये. उलटा करून, सावलीत, पंख्याखाली रात्रभर वाळू द्यावा आणि मग सुती कापडात गुंडाळावा. डांबराच्या गोळ्या जरीला काळवंडवतात, त्यांना जवळ येऊ देऊ नये. मी गुंडाळताना आत एक कागद ठेवला आहे. त्यावर तारीख, त्या दिवशीचे छातीचे माप, किती सोडले आणि कोणत्या कडेला आता किती माया शिल्लक आहे, हे लिहिले आहे. उजव्या बाहीपुढे पाव इंच अशी नोंद करून तिच्याखाली रेघ ओढली आहे.